उलट्या बाजूनं

दोन वर्षं तो नुसता आवाज होता.
हंचिनाळ सर, एजन्सीचे.
सकाळी सव्वादहाला फोन, हिंदीत:
"चाकण में तीन महिना है, जाएगा क्या?"
मीही हिंदीतच, म्हणजे जशी येते तशी, हो म्हणायचो.
चाकण, होसूर, परत चाकण,
एकदा हालोल, जिथं पाणी खारट होतं
आणि मशीन जपानी.
मशीनचे प्रोग्रॅम लिहितो मी. कायम कुठंच नाही.

ह्या खेपेला चार महिने घरी.
मोनाप्पा म्हणाला, "भेटायला जाऊ नकोस बघ.
फोनवर माणसाचा रेट ताठ राहतोय.
समोर बसलास की त्याला तुझी चप्पल दिसतीय,
मग चपलेवर भाव ठरतोय."
इंदुवैनी भाकरी थापता थापता म्हणाल्या,
"तोंड न दाखवलेल्याची आठवण कोण काढतंय?
सोयरीक तरी फोनवर ठरतीय काय?"
दोघांचंही पटलं,
त्यात आठ दिवस गेले.

शेवटी भावाचे बूट घातले, अर्धा नंबर मोठे.
टिळकवाडीत दुसरं गेट पडलं होतं.
मालगाडीचे डबे जात होते तसा रेट घोकला:
दिवसाला अठराशे, अठराशे, अठराशे,
गार्डाचा डबा आला तरी
जिभेवर बसला नव्हता.

झेरॉक्सच्या दुकानाशेजारून अरुंद जिना.
पाटी कन्नड, खाली बारीक इंग्रजी,
त्याखाली कुणीतरी खडूनं: वर जावा.
आवाजावरून पन्नाशीचा वाटायचा,
निघाला तिशीचा, डब्यातला दहीभात अर्धा टाकून उठलेला.
"बर्री, कूड्री," म्हणाला.
तेवढ्यात त्याच्या आईचा फोन.
"व्हय गं, जेवूलोय. आक्काला सांग, सिलिंडर उद्या येतंय."
फोन ठेवला, आणि आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो.
दोन वर्षं दोघांनी मिळून
हिंदीची हाडं मोडली होती, फुकट.

चहा आला.
त्याची वही टेबलावर उघडी, माझ्याकडं पाठ करून.
शॉपमध्ये ड्रॉइंग पसरलं की
सरळ बाजूला इंजिनिअर उभा असतो,
आम्ही पलीकडं.
उलटं मला सुलटंच दिसतं.
हुंदरे भैरू. कंपनी: एकतीसशे. त्याला: सोळाशे.
पुढं शेरा, कन्नडात: चौकासी माडोल्ल.
त्यांच्यात चौकासी म्हणजे भाव करणं.
आमच्यात चौकशी म्हणजे विचारपूस.
मी दोन्ही केलं नव्हतं.

मी वाचत होतो तेव्हा तोही वाचत होता:
ग्लासाभोवतीचा माझा डावा हात,
पहिल्या पेराशी संपलेलं बोट.
फोनवर ते कधी बोललं नव्हतं.
"हे कवा झालं?"
"होसूरला. तुम्हीच पाठवला होता."

खाली झेरॉक्सचं मशीन
कुणाची तरी मार्कशीट पुन्हा पुन्हा ओढत होतं.
त्यानं आपला ग्लास उचलला
आणि नेमका एकतीसशेवर ठेवला.
"मेडिकलला विचारतील," म्हणाला.
धमकी होती की काळजी,
ते मला अजून कळलेलं नाही.
घोकलं होतं अठराशे.
तोंडातून निघालं चोवीसशे.
तो पंख्याकडं बघत म्हणाला, "नोडोण." मग, "बघूया."
दोन्हींत तेवढंच होतं.

गेटवर मोनाप्पा सायकल टेकून उभा.
"काय दिसलं त्याला?"
मी बूट काढून हातात घेतले, टाच सोलली होती.
"मला काय दिसलं ते विचार," म्हटलं,
पण सांगितलं नाही.

शुक्रवारी फोन वाजला, सव्वादहाला.
मी उचलला. त्याचा श्वास ऐकू येत होता,
त्याला माझा.
कुठल्या भाषेत सुरुवात करायची
ते दोघांचंही ठरेना.